भुईंज ते मार्केट यार्ड, एका चार्जिंगमध्ये

आमच्या वर्कशॉपमध्ये दोन गोष्टी साठतात, भंगार आणि किस्से. भंगार न्यायला महिन्यातून एकदा माणूस येतो, काट्यावर चढवतो, घेऊन जातो. किस्से न्यायला कोणी येत नाही. ते माझ्याकडेच पडून राहतात. मग कधी मैत्रिणींबरोबर जेवताना एखादा निघतो, त्या हसून हसून बेजार होतात, आणि मला मात्र सांगता सांगता पुन्हा पहिल्याइतकाच राग येतो.

वर्कशॉप कात्रजच्या पुढे, हायवेला लागून. बाबांचं. आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. बाबा वेल्डर म्हणून पुण्यात आले, पंधरा वर्षं दुसऱ्याकडे काम केलं आणि मग स्वतःची शेड टाकली. जीपच्या किंवा कारच्या मागे जोडायचे छोटे ट्रेलर आम्ही बनवतो. खाली दोन चाकं, वर पत्र्याचा बंद डबा. शेडमध्ये त्याला कोणी ट्रेलर म्हणत नाही, डबाच म्हणतात. बाबांच्या खालोखाल हुकूम चालतो बबनकाकांचा. ते भोरकडचे, बाबांबरोबर पहिल्या दिवसापासून आहेत. पत्रा त्यांच्या हातात कागदासारखा वाकतो. ते स्वतः कशानेच वाकत नाहीत.

मी प्रज्ञा. मेकॅनिकल इंजिनिअर. दोन वर्षं चाकणला एका कंपनीत गाड्यांच्या दारांची डिझाइन्स केली, मग राजीनामा देऊन इथे आले. बाबांनी ते अजून माफ केलेलं नाही. मुलीनं एसीत बसावं म्हणून त्यांनी आयुष्यभर धूर खाल्ला, आणि मुलगी आली ती त्याच धुरात. त्यांचं दुःख मला कळतं. ते दिवसातून तीनदा का सांगायचं, ते कळत नाही.

*

शुभांगीताई भुईंजजवळ मशरूम पिकवतात. रोज पहाटे इलेक्ट्रिक कारच्या मागे डबा जोडून मार्केट यार्डात माल आणतात. डबा आमचाच, बाबांच्या हातचा. मशरूमला वजन नसतं पण जागा भरपूर लागते, म्हणून डबा कपाटासारखा उंच.

एके दिवशी त्या डब्यासकट शेडमध्ये हजर झाल्या. नुसती कार नेली तर पुण्याला जाऊन परत येईपर्यंत चार्जिंग आरामात पुरतं. डबा लावला की परतीच्या वाटेवर शिरवळलाच संपत येतं. मग रोज तिथल्या चार्जरवर तासभर बसून राहायचं.

"डब्यात दगड भरता का?" बाबांनी विचारलं.

"मशरूम भरते. तुमच्या डब्याहून हलके असतात."

बबनकाकांनी चाकाला लाथ मारून पाहिली. "टायर बगून घ्या."

"हळू चालवा," बाबा म्हणाले.

"हळू चालवलं तर माल काळा पडतो, काका."

मी मध्ये पडले. म्हटलं, हा वजनाचा प्रश्नच नाही, हवेचा आहे. आपण हायवेवरून एक उभी भिंत ओढतोय. सगळी बॅटरी हवा ढकलण्यात जाते.

बाबा शेडच्या दारात गेले. बाहेरच्या बाभळीकडे त्यांनी नीट पाहिलं. पान हलत नव्हतं.

"कुठे आहे हवा?"

शेवटी ताईंनीच तोडगा काढला. भुईंज ते मार्केट यार्ड आणि परत, एका चार्जिंगमध्ये होईल असा डबा दिलात तर मशरूम पिकवणाऱ्या त्यांच्या गटातल्या आणखी तिघींना तसेच डबे हवेत. बाबा माझ्याकडे वळले. "एक डबा तुझ्या पद्धतीनं कर. जमलं, तर पुढचे तीनही तुझे, आणि इथून पुढे इथलं डिझाइन तू बघायचं. नाही जमलं, तर मामानं सांगितलेल्या हिंजवडीच्या नोकरीला जायचं. तोंड वाकडं न करता."

मी हो म्हटलं. बबनकाकांनी साक्षीदार असल्यासारखी मान हलवली. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

*

माझ्या ड्रॉइंगमध्ये डब्याच्या पुढच्या कडा चांगल्या गोल होत्या आणि मागचा भाग तिन्ही बाजूंनी हळूहळू निमुळता होत गेला होता. ड्रॉइंग मी बबनकाकांना समजावून दिलं. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर पुढच्या बाजूला लोखंडी अँगलचा सांगाडा उभा, भाल्यासारखा टोकदार.

"काका, हे काय?"

"तूच म्हनलीस ना, हवा कापायची. रॉकेट कदी बोथट बगितलंय का?"

"आपल्याला भुईंजला जायचंय, चंद्रावर नाही. शिवाय पुढे कार असते. वळताना हे टोक तिच्या मागच्या काचेत घुसेल."

काकांनी खरोखर विचार केला. "मग ताईंना म्हनावं, जपून वळा."

टोक काढायला एक दिवस गेला. मग मागच्या भागाचा वाद सुरू झाला. गाडी पुढे जाते, हवा पुढून येते, मग मागच्या बाजूचा संबंध काय, असं बाबांचं म्हणणं. मागे निमुळतं करायचं म्हणजे जागाही जाणार आणि पत्राही वाया जाणार.

मी दोघांना तापलेलं लोखंड विझवायच्या पाण्याच्या पिंपाकडे नेलं. पाण्यावर लाकडाचा बारीक भुगा टाकला. एक चौकोनी ठोकळा पाण्यातून ओढून दाखवला. त्याच्या मागे भोवरे उठले, भुगा गरगर फिरत ठोकळ्याला चिकटून मागेमागे आला. मग मागून निमुळता केलेला ठोकळा ओढला. पाणी त्याच्यामागे निवांत मिटलं.

"दिसलं? मागचे भोवरे ठोकळ्याला मागे खेचतात. आपली बॅटरी तिथे जाते."

दोघं पिंपावर वाकून बघत होते. बबनकाकांनी स्वतः दोन्ही ठोकळे ओढून पाहिले. बाबांनी एकदा ओढला, मग चष्मा पुसून पुन्हा ओढला. मला वाटलं, जिंकले.

बाबा सरळ झाले, हात पुसले.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "पण आपला डबा रस्त्यावरून जातो."

*

डबा तयार झाला. मागून निमुळता, कारण मी दोन दिवस जेवणाच्या सुट्टीतही तिथून हलले नाही. आता हवा त्याच्यावरून कशी वाहते ते बघायचं होतं. त्याची स्वस्त पद्धत म्हणजे लोकरीचे तुकडे. डब्याच्या अंगभर वीतभर लांबीचे तुकडे एका टोकाला टेप लावून चिकटवायचे, गाडी चालवायची आणि बाजूने व्हिडिओ काढायचा. लोकर जिथे पत्र्याला धरून सरळ राहते तिथे हवा शहाण्यासारखी वाहते. जिथे ती वेडीवाकडी नाचते तिथे गडबड आहे.

लोकर घ्यायला सदाशिव पेठेतल्या एका जुन्या दुकानात गेले.

"रंग?" दुकानदारांनी विचारलं.

"लाल. लांबून दिसायला हवा."

"वय?"

"कोणाचं?"

"ज्याच्यासाठी स्वेटर आहे त्याचं."

"स्वेटर नाही करायचा. ट्रेलरला लावायचीये."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर रेषा हलली नाही. "मग दोन गुंड्या पुरतील. बाह्या नसतील ना."

घरी बसून मी दोनशे तुकडे कापले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, पाठ मोडेपर्यंत वाकून, ते डब्यावर ओळीत चिकटवले. मग हात धुऊन जेवायला बसले. शेजारच्या गॅरेजवाल्याची स्कूटर मागितली होती, तिच्यावरून मी शूटिंग करणार होते.

जेवून आले तेव्हा बबनकाका टेपचा रिकामा गोल हातात घेऊन डब्याशेजारी उभे होते. प्रत्येक तुकड्याच्या दुसऱ्या टोकालाही त्यांनी टेप लावला होता. दोनशेच्या दोनशे. ओळंबा लावल्यासारखे सरळ.

"वारा सुटला हुता," ते म्हणाले. "सगळे फडफडाया लागले. म्हनलं, पोरीनं एवढ्या कष्टानं लावल्यात. आता एक बी हलनार न्हाई."

मी डब्याशेजारी बसले आणि पहिल्या तुकड्याचा टेप नखाने उकरायला घेतला.

*

आमच्या प्रत्येक डब्याच्या कपाळावर वर्कशॉपच्या नावाची पाटी असते. अक्षरं लोखंडी पट्टीची, पत्र्यापासून दोन बोटं वर उठलेली, वेल्डिंग करून बसवलेली. बाबा ती स्वतः करतात, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. नव्या डब्याच्या गोल कपाळावर, मी इतक्या प्रेमाने घासून गुळगुळीत केलेल्या कपाळावर, त्यांनी खडूनं ओळ आखायला घेतली.

"बाबा, तिथे नको. सगळी हवा त्या अक्षरांत अडकेल."

"मग डबा कोणी केला ते लोकांना कळायचं कसं?"

"स्टिकर लावू. छान प्रिंट करून आणते."

"स्टिकर निघतो. उद्या कोणीही म्हणेल, मी केला."

हे बोलताना त्यांचा आवाज जरा वेगळा झाला, म्हणून मीही नरमले. पंधरा वर्षं त्यांनी जे जे बनवलं त्यावर दुसऱ्याचं नाव लागलं होतं, हे मला माहीत आहे. म्हटलं, ठीक आहे, पाटी राहू दे, पण खालच्या बाजूला लावू. चासीच्या खाली हवेचा फारसा प्रश्न येणार नाही.

"खाली," बाबा म्हणाले. "वाचणार कोण? कुत्री?"

शेवटी पाटी मागच्या दारावर गेली, अक्षरं अर्धंच बोट उठलेली. तह झाला म्हणून मी निवांत झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाळावर काळी बाहुली लटकत होती, शेजारी रेक्झिनची दोन काळी गोंडेदार शेपटं. बाबांचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तेव्हा हे कोणाचं काम ते उघड होतं. मी सगळं उतरवलं. दुपारी पुन्हा लागलं. मी पुन्हा उतरवलं.

"काका, नजर लागते यावर तुमचा खरंच विश्वास आहे?"

"आधी नव्हता," बबनकाका म्हणाले. "आधीचे डबे कोन बघत नव्हतं. ह्यो सगळे थांबून बघत्यात."

*

ताईंच्या ट्रायलआधी मला एक साधी चाचणी करायची होती. साठच्या वेगाला गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची आणि ती आपोआप वीसवर यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. जितके सेकंद जास्त, तितकी हवा कमी अडवते. वारा, चढउतार यांनी फरक पडतो, म्हणून एकदा मोजून भागत नाही. दोन्ही दिशांनी तीन तीनदा मोजायचं आणि सरासरी काढायची.

प्लॉटिंगच्या एका नव्या लेआउटमधला सरळ, रिकामा रस्ता सापडला. ताईंनी सुट्टीच्या दिवशी कार दिली. बबनकाका गाडी चालवणार, बाबा शेजारी बसून स्टॉपवॉच धरणार. मी रस्त्याच्या कडेला उभी, कोणी मध्ये येऊ नये म्हणून. सहा फेऱ्या झाल्या. बाबांनी वही माझ्या हातात दिली.

बेचाळीस. बेचाळीस. बेचाळीस. बेचाळीस. बेचाळीस. बेचाळीस.

मला भरून आलं. इतकी अचूक रीडिंग्ज मी चाकणला पन्नास लाखांच्या मशीनवरही पाहिली नव्हती. मग डोक्यात प्रकाश पडला.

"बाबा, सहाही वेळा बेचाळीस?"

"हो."

"वर एखादा पॉइंटसुद्धा नाही?"

"पहिल्यांदा मोजलं की नीट. गाडी तीच, रस्ता तोच, माणसं तीच. दुसऱ्यांदा वेगळं कशाला येईल?"

"मग उरलेल्या पाच फेऱ्यांत तुम्ही काय करत होतात?"

"बबनशी बोलत होतो."

मी डोळे मिटून घेतले. बबनकाकांना वाटलं, आपणही काहीतरी सांगायला हवं.

"मी बी मधनं मधनं जरासा ब्रेक मारत हुतो," ते म्हणाले. "न्यूट्रलमदी गाडी मोकळी सोडनं बरं न्हाई."

*

ट्रायलच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिघं नवा डबा घेऊन भुईंजला मुक्कामाला गेलो. पहाटे गाडी शंभर टक्के चार्ज. डब्यात मशरूमचे क्रेट. शुभांगीताई स्टिअरिंगवर, बाबा शेजारी, मागे बबनकाका आणि मी, मांडीवर वही. मार्केट यार्डात पोचलो तेव्हा छप्पन्न टक्के उरलं होतं. जुना डबा असताना ताईंना इथे कधी पन्नासही दिसलं नव्हतं. परतीला खंबाटकीचा घाट चढावा लागतो, तो धरूनही हे पुरणार होतं. मी बाबांना आकडा दाखवला. ते "हं" म्हणाले. बाबांचं "हं" म्हणजे दुसऱ्या माणसाने पाठ थोपटण्यासारखं असतं.

माल उतरला. मी चहा प्यायला गेले. दहा मिनिटं. फक्त दहा.

परत आले तर डब्याच्या टपावर पाण्याची काळी टाकी. पाचशे लिटरची. सुतळीने चहूकडून आवळून बांधलेली.

"हे काय आहे?"

"शेठची टाकी," बाबा म्हणाले. शेठ म्हणजे ताईंचा माल घेणारे गाळेवाले. "त्यांचं शेत भुईंजलाच आहे. म्हणाले, रिकामी गाडी चाललीच आहे तर टाकी तेवढी टाकून घ्या."

"बाबा, आज ट्रायल आहे."

"रिकामं कशाला जायचं? हलकी आहे. आणि ताईंचं गिऱ्हाईक आहे, नाही कसं म्हणायचं?"

मी ताईंकडे पाहिलं. त्या दुसऱ्याच एका टेम्पोचा नंबर वाचत होत्या.

"मग आत ठेवा. डबा रिकामाच आहे."

"ठिवून बगितली," बबनकाका म्हणाले. "दारातनं जाईना. दोन बोटं कमी पडत्यात. मागनं निमुळतं केलंय न्हवं."

बाबांनी दोन बोटं दाराच्या चौकटीला लावून मला दाखवली.

निघालो. टाकीवरून वारा असा घोंघावत होता की आत बोलणं ऐकू येत नव्हतं. कात्रजचा बोगदा गेला, सत्तेचाळीस. खेड शिवापूर, अडतीस. मी वहीत आकडे लिहीत होते आणि प्रत्येक आकड्याबरोबर हिंजवडी जवळ येत होती, गाडी उलट्या दिशेने चालली असूनही. शिरवळ आलं तेव्हा एकवीस. पुढे घाट.

"चार्जरला घेऊ का?" ताईंनी हळूच विचारलं. म्हणजे नेहमीचा चार्जर, नेहमीचा तासभर, आणि माझा निकाल.

"गाडी बाजूला घ्या," बाबा म्हणाले.

मला वाटलं, चार्जरलाच. पण ते उतरले आणि टपावरची सुतळी सोडायला लागले. बबनकाकाही उतरले. दोघांनी मिळून टाकी खाली घेतली आणि रस्त्याच्या कडेला उभी केली.

"तुम्ही व्हा पुढे," बाबा म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"शेठला हो मी म्हटलं होतं. टाकी मी आणतो."

"बाबा, असं चालत नाही. तुमचं वजन मध्येच कमी झालं तर रीडिंगला काही अर्थ..."

"जा म्हटलं ना, प्रज्ञा."

आरशात बराच वेळ ते दिसत होते. शेजारी छातीएवढी टाकी, एक हात तिच्यावर, दुसरा हात येणाऱ्या टेम्पोंना दाखवत.

घाटात मी आकड्याकडे बघितलंच नाही. बबनकाका बघत होते आणि मोठ्याने सांगत होते, ते जास्त वाईट होतं. भुईंजला ताईंच्या शेडसमोर गाडी थांबली तेव्हा सात टक्के उरलं होतं. ताईंनी गाडी बंद केली आणि हसून मागे वळून पाहिलं.

मी वहीत सात लिहिलं. त्याखाली लिहिलं, मार्केट यार्ड ते शिरवळ टपावर टाकी, शिरवळच्या पुढे एक माणूस कमी, निष्कर्ष काढता येत नाही.

बबनकाका खांद्यावरून वाचत होते. "ते खालचं खोड," ते म्हणाले.

दीड तासाने गव्हाच्या भुशाचा एक उघडा टेम्पो शेडपाशी थांबला. मागे भुशात टाकी, टाकीला दोन्ही हातांनी कवटाळून बाबा. केसांत भुसा, भुवयांत भुसा, शर्टाच्या खिशात भुसा. ते उतरले, टाकी उतरवून घेतली, टेम्पोवाल्याला नमस्कार केला.

"काका, सात टक्के उरलं," ताईंनी सांगितलं.

बाबांनी मान हलवली.

"ही ट्रायल धरता येणार नाही, बाबा," मी म्हटलं. "खोटं कशाला बोलू? पुन्हा करावी लागेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कानातली काडी काढली, ती नीट बघून टाकून दिली, आणि बबनकाकांकडे वळले.

"बबन, पुढच्या तीन डब्यांची दारं दोन बोटं मोठी घे. टाकी जायला पाहिजे."